मूत्रपिंडानंतरचे नाशिक

गोदावरीच्या काठावर, जुन्या नाशकात, मातीचे एक मोठे टेकाड आहे. लोक त्याला जुनी गढी म्हणतात. १९५०-५१ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी तिथे उत्खनन केले आणि नाशिकच्या वस्तीचा इतिहास ताम्रपाषाण काळापर्यंत मागे गेला. इतिहासाच्या पुस्तकांत या गढीचा उल्लेख खापरे, नाणी आणि काळाचे थर यांच्यासाठी येतो. पण मुळात हे टेकाड कशाचे बनले आहे? पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या भिंती, चुलीतली राख, हाडे, शेण, आणि माणसांनी व गुरांनी त्याच जागी शेकडो वर्षे टाकलेला मलमूत्राचा अंश. मराठी मुलखात अशा गावठाणाच्या जमिनीला पांढरी म्हणतात आणि पिकाच्या जमिनीला काळी. ओसाड पडलेल्या गावाची पांढर उकरून ती गाडीने काळीत नेऊन टाकण्याची चाल जुनी आहे. पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना तिचा राग येतो, कारण त्या मातीबरोबर पुरावाही शेतात जातो. शेतकऱ्याचा हिशेब मात्र चुकीचा नव्हता. ज्या मातीत माणूस दीर्घकाळ राहिला, तिच्यात नायट्रेट साठलेले असते, आणि नायट्रेट म्हणजे पिकाचे अन्न. शरीरातला नायट्रोजन बाहेर टाकण्याची जी कथा वैद्यकाच्या पुस्तकात मूत्रपिंडापाशी संपते, तिचा पुढचा अर्धा भाग अशा टेकाडांत, गल्ल्यांत आणि नदीत घडतो. नाशिकपुरते बोलायचे तर तो भाग पार पाडण्याचे काम शहराने आधी मातीवर टाकले, मग एका जातीवर आणि शेवटी नदीवर. प्रश्न सोडवला असे मात्र एकदाही झाले नाही.

आधी शरीराचे काम नीट पाहिले पाहिजे, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच येतो. प्रथिनांच्या वजनात साधारण १६ टक्के नायट्रोजन असतो. पिष्ट आणि चरबी शरीरात जळतात, त्यांचे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होते, आणि श्वासावाटे व लघवीवाटे त्यांचा निकाल लागतो. प्रथिनांतल्या नायट्रोजनला ही सोय नाही. अमिनो आम्ल मोडले की त्यातून अमोनिया सुटतो आणि अमोनिया मेंदूला विषारी असतो. यकृत निकामी झालेल्या रुग्णाची शुद्ध हरपते, त्यात या अमोनियाचा मोठा हात असतो. मासा हा अमोनिया कल्ल्यांतून थेट पाण्यात सोडून मोकळा होतो. पक्षी त्याचे युरिक आम्ल करतात आणि पांढऱ्या विष्ठेत टाकतात. माणसाने, किंवा म्हणा सस्तन प्राण्यांनी, तिसरा मार्ग धरला: अमोनियाचा युरिया करायचा. युरिया पाण्यात सहज विरघळतो आणि नेहमीच्या प्रमाणात बिनविषारी असतो. हे काम यकृत कोणत्या क्रमाने करते, ते हान्स क्रेब्ज आणि कुर्ट हेन्झेलाइट यांनी १९३२ मध्ये उलगडले. हा बदल फुकटात होत नाही, शरीराला त्यासाठी ऊर्जा खर्चावी लागते. पुढे मूत्रपिंडे दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातला बहुतेक रक्तात परत घेतात, आणि उरलेल्या दीड-एक लिटरबरोबर युरिया बाहेर सोडतात. दिवसाला ५०-६० ग्रॅम प्रथिने खाणाऱ्या प्रौढ माणसाच्या शरीरातून रोज आठ-नऊ ग्रॅम नायट्रोजन बाहेर पडतो, आणि त्यातला बहुतांश लघवीतून. शौचावाटे जाणारा वाटा लहान असतो. ही शेवटची गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण शहरांच्या स्वच्छतेचा सारा इतिहास विष्ठेच्या भीतीने लिहिला गेला आणि लघवीकडे कोणी फारसे पाहिले नाही.

यकृताने खपून केलेले हे काम बाहेर फार काळ टिकत नाही. मातीत आणि गटारात असलेले जिवाणू युरियाचे पुन्हा अमोनियात रूपांतर करतात. जुन्या मुतारीचा डोळ्यांत झोंबणारा वास हा त्याचाच. म्हणजे शरीराने विष बांधून बाहेर पाठवायचे आणि बाहेर त्या बांधणीची गाठ काही तासांत-दिवसांत सुटायची, असा हा व्यवहार आहे. सुटलेला अमोनिया ओलसर, हवा खेळती असलेल्या मातीत पडला, तर दुसरे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात आणि पीक ते उचलते. पाण्यात पडला, तर तो माशाच्या वाट्याला जातो. मासा अमोनिया पाण्यात सोडून जगतो. पाण्यातच अमोनिया भरला तर त्याला तो सोडता येत नाही. आपल्या मेंदूला जे विष नको म्हणून यकृत राबते, तेच मग माशाच्या रक्तात अडकते. मूत्रपिंडाच्या पुढे नायट्रोजनला माती मिळते की पाणी, यावर पुष्कळ काही ठरते ते यामुळे.

लहान वस्तीला माती पुरे होती. माणसे शेताकडे, नदीच्या वाळवंटाकडे जात, परसात लघवी मुरे, गुरांच्या गोठ्याची माती वर्षाकाठी शेतात जाई. यात फार शहाणपण शोधायला नको. वस्ती विरळ होती इतकेच. नाशिक मात्र केवळ खेडे कधीच नव्हते. तीर्थक्षेत्र, पेशवाईत नावारूपाला आलेले शहर, बारा वर्षांनी सिंहस्थाची गर्दी, आणि नदीला चिकटून दाट वाड्यांची वस्ती. अशा ठिकाणी माती लवकर भरते. सरस्वती नाला, नागझरी, पलीकडे पंचवटीच्या बाजूने वाघाडी, असे ओढे शहरातून गोदावरीला मिळत, आणि परसात न मुरलेले सारे त्या वाटेने जाई. आज सरस्वती नाला जमिनीखाली गेला आहे, म्हणून त्याचा विसर पडतो एवढेच.

१८६४ मध्ये नाशिकला नगरपालिका आली. मुंबई इलाख्यातल्या तेव्हाच्या नगरपालिकांपुढे मैल्याचा प्रश्न होता आणि तिजोरीत भुयारी गटारांना पैसा नव्हता. त्यातून दख्खनच्या शहरांत जो धंदा उभा राहिला तो सोनखताचा. वाड्याच्या मागच्या बोळातून टोपलीतला मैला पहाटे काढायचा, गाडीने गावाबाहेर न्यायचा, उथळ खड्ड्यांत राख आणि कचरा यांच्या थरांत घालायचा, काही महिने वाळू द्यायचा, आणि वास गेला की गाडीच्या हिशेबाने शेतकऱ्याला विकायचा. पुण्यात मुठा कालव्यावरच्या उसाने या खताची ख्याती केली. सुरुवातीला त्याला हात लावायला तयार नसलेले शेतकरी उसाचे उत्पन्न पाहून पुढे पैसे मोजून ते नेऊ लागले. विटाळाची कल्पना बाजारभावापुढे इतक्या चटकन मऊ होते, हे त्या काळच्या सुधारकांनी नीट टिपून ठेवायला हवे होते. १८८९ मध्ये भारतात आलेला इंग्रज रसायनशास्त्रज्ञ जॉन ऑगस्टस व्होल्कर याने १८९३ च्या आपल्या अहवालात इथल्या शेतीची मुख्य अडचण खताची आहे असे मांडले. त्यानंतर इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कंपोस्टची पद्धत बसवली आणि १९३१ साली तिच्यावर पुस्तक काढले. १९४० च्या दशकात शहरी मैला आणि कचरा यांच्या कंपोस्टला सरकारी पाठबळही मिळाले.

सोनखताचे गोडवे आजकाल पुन्हा ऐकू येतात. पूर्वजांनी चक्र पुरे केले होते, आपण ते मोडले, असा त्यांचा सूर असतो. हे म्हणणे रसायनशास्त्रालाही पटणारे नाही आणि इतिहासालाही. रसायनशास्त्राचे आधी घेऊ. नायट्रोजनचा मोठा भाग लघवीत असतो, आणि टोपलीच्या संडासात लघवी टोपलीत राहात नसे. ती बोळातल्या उघड्या गटारातून ओढ्याला आणि ओढ्यातून नदीला जाई. टोपलीत उरलेल्यावर राख पडे. राख अल्कधर्मी असते, आणि अल्कधर्मी मिश्रणातून अमोनिया हवेत निघून जातो. महिनोन्‌महिने उन्हात वाळवताना उरलेल्यातलाही काही भाग उडे. सोनखताने शेताला स्फुरद दिले, सेंद्रिय द्रव्य दिले, आणि थोडाफार नायट्रोजनही दिला. शरीरातून निघालेल्या नायट्रोजनच्या मानाने हा परतावा तुटपुंजाच असणार. म्हणजे जे चक्र पुरे झाल्याचे सांगितले जाते, ते नायट्रोजनच्या बाबतीत कधी पुरे झालेच नव्हते.

इतिहासाची अडचण याहून मोठी आहे. टोपली उचलणारे हात ठरलेल्या जातीचे होते. मेहतर, भंगी या नावांनी ओळखल्या गेलेल्या कुटुंबांकडे हे काम जन्माने आले, नगरपालिकेने ते पगारपत्रकावर घेतले, आणि त्यामुळे जातीचे बंधन सैल होण्याऐवजी त्याला सरकारी शिक्का मिळाला. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीला या कामगारांच्या जगण्याची पाहणी करावी लागली, हाच त्या व्यवस्थेवरचा शेरा आहे. ज्या नाशकात २ मार्च १९३० पासून काळाराम मंदिराच्या दारात अस्पृश्यांना प्रवेशासाठी सत्याग्रह करत उभे राहावे लागले, त्याच नाशकात घराघरांच्या मागच्या दाराने रोज पहाटे त्यांच्यासारख्याच बहिष्कृतांना बिनदिक्कत येऊ दिले जाई. पुढचे दार बंद आणि मागचे उघडे, ही त्या काळच्या शहराची रीत होती. सोनखत स्वस्त पडे ते या फुकटाच्या जवळ जाणाऱ्या श्रमामुळे. त्या श्रमाची खरी किंमत धरली असती, तर उसाच्या शेतकऱ्याला ते खत परवडले असते का, याची मला शंका आहे.

यावर गांधीवाद्यांनी दिलेले उत्तर होते की हे काम सर्वांनी करावे. कोकणातल्या आप्पासाहेब पटवर्धनांनी ते उत्तर जगून दाखवले. रत्नागिरीच्या तुरुंगात १९३२ मध्ये भंगीकाम करू द्यावे म्हणून त्यांनी उपवास धरला, आणि गांधींनीही त्यांच्यासाठी उपवास केला. पुढे कणकवलीला १९४८ मध्ये त्यांनी गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याला हात न लावता खत होईल अशा संडासाचे प्रयोग केले. आंबेडकरांना मात्र सफाईच्या कामाचा गौरव मान्य नव्हता. जे काम एका जातीवर लादलेले आहे, त्याला पवित्र म्हणणे म्हणजे त्या जातीला तिथेच ठेवण्याची सोय, असा त्यांचा आक्षेप होता, आणि तो मला अखेरपर्यंत बिनतोड वाटतो. तरी पटवर्धनांच्या कामातला एक धागा या आक्षेपातून सुटून वर येतो. ते कामाचा केवळ गौरव करून थांबले नाहीत. हाताची गरजच उरू नये म्हणून त्यांनी संडासाची रचना बदलली. गोपुरी संडास आणि मैल्यापासून गॅस देणारा त्यांचा मलप्रभा संच हे त्याचे फळ. देहूच्या डॉ. सुहास मापुसकरांनी तो संच पुढे सुधारला. त्यांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. खुद्द नाशिकजवळ गोवर्धनला निर्मल ग्राम निर्माण केंद्राने दोन खड्ड्यांच्या संडासाचा प्रसार याच विचाराने केला: एक खड्डा भरला की दुसरा वापरायचा, आणि तोवर पहिल्यातल्याची माती होऊ द्यायची.

शहर मात्र या वाटेने गेले नाही. शहराने पाण्याचा नळ, फ्लशचा संडास आणि भुयारी गटार घेतले. ते घेतले हे योग्यच झाले, कारण टोपली त्यामुळेच गेली. गंगापूर धरणाने पाणी दिले, सातपूर-अंबडच्या वसाहतींनी माणसे आणली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पण पाण्याने वाहून नेणे म्हणजे निकाल लावणे नव्हे. लघवी, मैला, आंघोळीचे पाणी सारे एका नळात आले, आणि पूर्वी निदान टोपलीपुरते जे मातीकडे जात होते, तेही आता पाण्याकडे वळले. तपोवन, आगरटाकळी येथली सांडपाण्याची जुनी केंद्रे हवेविना कुजवण्याच्या पद्धतीवर बांधली गेली. या पद्धतीत सेंद्रिय घाण कमी होते, वीज कमी लागते, गॅस मिळतो. नायट्रोजन मात्र जवळजवळ तसाच अमोनियाच्या रूपात बाहेरच्या पाण्यात राहतो. पाण्याची परीक्षा जैविक ऑक्सिजनच्या मागणीवर, म्हणजे सेंद्रिय घाणीच्या मापावर, घेतली की केंद्र उत्तीर्ण होते आणि नदी नापास.

याची साक्ष खाली निफाड तालुक्यात मिळते. नांदूरमध्यमेश्वरला गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ गेल्या शतकाच्या सुरुवातीला बंधारा झाला. मागच्या उथळ जलाशयावर पक्षी येऊ लागले, आणि महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ म्हणून त्याची नोंद झाली. नाशिक ते नांदूरमध्यमेश्वर या टप्प्यात पाणवेलींनी नदी झाकली जाते. सायखेडा-चांदोरीच्या पुलांना पुरात त्या अडकतात, तेव्हा बातमी होते. ही वनस्पती दक्षिण अमेरिकेतून आलेली परकी, तिला दोष देणे सोपे. पण तिला खायला आपण घालतो. आता गणित करू. २०११ च्या जनगणनेत नाशिक शहराची लोकसंख्या १४ लाख ८६ हजारांच्या घरात होती. माणशी आठ ग्रॅम धरले तरी रोज सुमारे १२ टन नायट्रोजन या शहराच्या मूत्रपिंडांतून आणि आतड्यांतून बाहेर पडतो. खताच्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो. म्हणजे हे रोजचे २६ टन युरियाच्या बरोबरीचे, ४५ किलोच्या पावणेसहाशे गोण्या. ज्या निफाड तालुक्यात हे द्रव्य पाणवेलींच्या रूपाने पोचते, त्याच तालुक्यात ओझर, पिंपळगाव आणि लासलगाव आहेत, आणि तिथला द्राक्ष-कांद्याचा शेतकरी नायट्रोजन गोणीने विकत घेतो. ट्रॉम्बे किंवा थळसारख्या कारखान्यात तो नैसर्गिक वायू वापरून हवेतून ओढलेला असतो. फ्रीड्रिश व्योलरने १८२८ मध्ये प्रयोगशाळेत युरिया तयार केला, तेव्हा मूत्रपिंडावाचून तो करता आला याचे त्याला अप्रूप वाटले होते. आपण त्या अप्रुपाचा उद्योग केला आणि मूत्रपिंडातला युरिया कवडीमोल झाला.

यावर तीन आक्षेप येतात. पहिला असा, की गोदावरीचे खरे गुन्हेगार कारखाने आहेत. जड धातू आणि रसायने यांच्याबाबत ते खरे आहे, त्याला क्षमा नको. पण पाणवेलीला धातू लागत नाहीत, नायट्रोजन आणि स्फुरद लागतात. शेतातून वाहून येणाऱ्या खताचाही यात वाटा आहेच. मात्र तो पावसाबरोबर येतो, आणि उन्हाळ्यात, जेव्हा नदीत नैसर्गिक प्रवाह नावाला उरतो, तेव्हा रोज न चुकता येते ते सांडपाणी. दुसरा आक्षेप प्रमाणाचा: पावणेसहाशे गोण्यांनी जिल्ह्याची शेती होणार आहे का? होणार नाही. पण वर्षाला दोन लाखांहून जास्त गोण्या भरतील एवढे द्रव्य नदीत सोडणे परवडते, असे म्हणायलाही मोठे धाडस लागते. तिसरा आक्षेप रोगाचा, आणि तो सर्वांत वजनदार. कॉलरा, विषमज्वर, जंत यांनी या देशात मोजता न येणारी माणसे मारली. म्हणूनच लघवी आणि विष्ठा वेगळी ठेवण्याला महत्त्व आहे. रोगजंतू मुख्यतः विष्ठेत असतात, नायट्रोजन मुख्यतः लघवीत. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये मलमूत्राच्या सुरक्षित वापराची मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांत लघवी काही महिने बंद टाकीत साठवून शेतात वापरण्याची वाट सांगितली आहे. विटाळाचा मुद्दा उरतो, आणि तिथे आपला समाज स्वतःशीच विसंगत वागतो: गोमूत्र जीवामृतात हौसेने ओततो, देवघरात शिंपडतो. त्यातला युरिया आणि माणसाच्या लघवीतला युरिया यांत रेणूचाही फरक नाही.

नाशिक या बाबतीत कोरे नाही, हेही सांगितले पाहिजे. विल्होळीच्या खतप्रकल्पाजवळ महानगरपालिकेने जर्मन सहकार्याने २०१७ मध्ये सार्वजनिक संडासांचा मैला आणि हॉटेलांतले उरलेले अन्न एकत्र कुजवून वीज करणारा प्रकल्प सुरू केला. त्याची चर्चा विजेच्या अंगाने झाली. पण गॅसमध्ये कार्बन जातो, नायट्रोजन मागे उरलेल्या रबडीत राहतो. शेतीच्या दृष्टीने मोल तिचे आहे. मेहतराच्या हातावाचून, यंत्राने आणि बंद टाकीत, ही रबडी शेतापर्यंत नेता येते, आणि पटवर्धनांना हवे होते ते हेच. पण असे प्रकल्प शहराच्या एका कोपऱ्यापुरते आहेत आणि मुख्य गटारातला अमोनिया रोज नदीत जातो आहे. येत्या सिंहस्थाच्या तयारीत घाटांवर आणि रस्त्यांवर मोठा पैसा खर्च होईल. नाशिककरांनी त्या खर्चाबरोबर एक साधी मागणी लावून धरावी: प्रत्येक सांडपाणी केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यातला अमोनिया आणि एकूण नायट्रोजन दर महिन्याला जाहीर व्हावा, आणि नवे केंद्र बांधताना तो काढण्याची अट निविदेत असावी.